नाव किती वेळा घ्यावं?

मोजणं हा माझा पोटाचा धंदा आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी एका बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. आता नोटा मोजायला यंत्र आलं आहे. पण यंत्राने मोजलेल्या नोटा गिऱ्हाईक पुन्हा बोटाला थुंकी लावून मोजतं, आणि हिशेब जमला की नाही ते मी त्याच्या चेहऱ्यावरून मोजतो. तरीसुद्धा शब्द मोजायची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी अधूनमधून विनोदी लिहितो. संपादकही शब्द मोजतात, पण ते जागा किती आणि मानधन किती कमी एवढ्यापुरते. एकच शब्द एका मजकुरात किती वेळा आला हे मोजणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो आमच्याच नात्यात. माझा सख्खा भाचा.

हकिकत अशी. माझी धाकटी बहीण चिंचवडला असते. मेहुण्यांची कंपनी बंद पडली आणि घरातला पगार थांबला, तेव्हा धाकटीने माळ्यावरून आईची लोखंडी कढई खाली काढली. थालीपिठाची भाजणी करून विकायची, असं तिने ठरवलं. सोसायटीतल्या चार बायकांनी नेली, चाराच्या आठ झाल्या, आणि आठावर गाडी अडली. आठ बिऱ्हाडांनी तिन्ही त्रिकाळ थालीपीठच खाल्लं असतं तरी भाच्याच्या कॉलेजची फी निघाली नसती. मग भाच्यानेच सुचवलं, इंटरनेटवर आपलं एक पान काढू. लोक शोधतात, त्यांना आपण सापडलो पाहिजे. मजकूर लिहायचं काम अर्थातच मामाकडे आलं. घराण्यात एक लेखक असला की लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडे त्याला फुकट राबवता येतं.

मी एक अख्खा रविवार खर्ची घातला. आई धान्य भाजायला बसली की शेजारपाजारची माणसं किती वाजले हे विचारायच्या निमित्ताने आमच्या दारात कशी घुटमळत, इथून सुरुवात केली होती. भाचा वाचताना दोन ठिकाणी हसला. मला धन्य वाटलं. मग गंभीर होऊन म्हणाला, "मामा, झकास आहे. पण यात भाजणी फक्त दोनदा आली आहे."

"अरे, सगळं भाजणीवरच तर आहे!"

"ते तुला कळतंय, मला कळतंय. गूगलला कसं कळणार?"

मग त्याने मला कीवर्ड या विषयाची दीक्षा दिली. गिऱ्हाईक जे शब्द टाइप करून शोधतं ते कीवर्ड. ते आपल्या पानावर असायलाच हवेत. शीर्षकात हवेत, पहिल्या ओळीत हवेत, मधल्या मथळ्यांत हवेत, फोटोखाली हवेत, आणि शिवाय जागोजाग पेरलेले हवेत. "जागोजाग म्हणजे किती?" मी विचारलं. "जितके जास्त तितकं बरं," तो म्हणाला. हे शास्त्र त्याने वीस मिनिटांच्या एका व्हिडिओवरून आत्मसात केलं होतं. आम्हाला बी.कॉम. व्हायला तीन वर्षं लागली, आणि तरी मला अजून काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सुधारलेला मजकूर दाखवला. तो असा होता : "पुण्यातील उत्तम घरगुती भाजणी शोधत आहात? पुण्यातील उत्तम घरगुती भाजणी आता आमच्याकडे! आमची उत्तम घरगुती भाजणी ही पुण्यातील घरगुती भाजणी असून, पुण्यात उत्तम भाजणी हवी असल्यास पुण्यातील ही उत्तम घरगुती भाजणी..." सवयीने मी मोजलं. एका पानात भाजणी ४१ वेळा. जप करायचा तर तो १०८ वेळा तरी करावा, निदान पुण्य पदरात पडतं. हे ४१ वर सोडलेलं, ना धड जप ना धड जाहिरात. आई माझी वाक्यागणिक कढईतून बाहेर फेकली गेली होती.

आणि खाली आणखी काही ओळी होत्या. 'मधुमेहावर घरगुती उपाय - भाजणी.' 'वजन कमी करणारी भाजणी.' धाकटी चष्मा वर सरकवून म्हणाली, "अरे, पण आपल्या भाजणीने कुठे मधुमेह..."

"आई, लोक हे फार शोधतात. नुसते शब्द तर आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुला काय वाटतं?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी मान हलवली. ती उभी की आडवी हे ज्याचं त्याने ठरवावं, अशी. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही मान उत्तम जमते. फी भरायची तारीख जवळ आली होती, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

पान निघालं. पंधरा दिवसांनी पहिला फोन आला. एक गृहस्थ विचारत होते, "एकादशीला तुमची मंडळी किती वाजता येतील? टाळ-मृदंग तुमचे, की आम्ही बघायचे?" धाकटीला काही उमजेना. मग भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुष्कळ मराठी माणसं शोधताना इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि त्या अक्षरांत 'भाजणी' आणि 'भजनी' या सख्ख्या जुळ्या बहिणी होतात. त्या गृहस्थांना भजनी मंडळ हवं होतं. आम्ही पोट धरून हसलो. गेला बाजार आपण सापडायला तर लागलो, असंही वाटलं.

दुसरा फोन एका वयस्कर गृहस्थांचा. ते म्हणाले, "वाचलं तुमचं. मधुमेहावर उपाय आहे म्हणता. किती दिवस खायची? आणि गोळ्या कधीपासून बंद करू?"

धाकटीने मला नंतर सांगितलं, तिच्या हातातली उलथणी खाली पडली. ती म्हणाली, "काका, गोळ्या बंद करू नका हो. साधी भाजणी आहे. धान्यच असतं त्यात."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "मग लिहिलंय कशाला?"

त्याच रात्री तिने भाच्याला ते पान बंद करायला लावलं. आणि मला फोन केला. रागावली नाही. फक्त म्हणाली, "दादा, आईने जन्मभर हीच भाजणी खाल्ली. आणि आई कशाने गेली ते तुला माहीत आहे." मला माहीत होतं. मधुमेहानेच गेली.

'मग लिहिलंय कशाला?' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की बँकेतला माणूस परिपत्रकं काढून वाचतो. तशी मी या विषयातली काढली. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ सालचा आहे, हे मला तेव्हा कळलं. आणि दुसरी गोष्ट कळली ती भाच्याला ऐकवली. जे आपण युक्ती म्हणून केलं, ते गूगलच्या नियमांत चक्क गुन्हा म्हणून लिहून ठेवलेलं आहे. शब्द ठासून भरणं, तेही अगदी नाव घेऊन.

वास्तविक एके काळी ही युक्ती चालत असे. शोधयंत्र म्हणजे मुळात पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक अवाढव्य सूची. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, एवढी नोंद. १९९० नंतरच्या दशकातली शोधयंत्रं भोळी होती. ज्या पानावर शब्द जास्त वेळा, ते पान त्या विषयाचं, असं त्यांना वाटे. मग काय विचारता! पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवणारे महाभाग निघाले. वाचकाला पान कोरं दिसे, यंत्राला मात्र पोथी. वाचकाला न दिसणारी शब्दांची एक यादी पानाच्या पोटात ठेवायचीही सोय होती. त्या यादीत लोकांनी इतकं काही कोंबलं, की २००९ साली गूगलने जाहीर केलं, क्रम लावताना आम्ही ही यादी पाहतच नाही. मोठेही यातून सुटले नाहीत. २००६ साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचं जर्मनीतलं संकेतस्थळच गूगलने यादीतून काढून टाकलं होतं, कारण यंत्राला दाखवायची शब्दांनी भरलेली पानं वेगळी आणि माणसाला दिसायचं पान वेगळं. ती पानं काढल्यावर काही दिवसांनी परत घेतलं. २०१२ सालच्या एप्रिलात गूगलने असल्या पानांना मागच्या बाकावर बसवणारा एक मोठा बदल केला, त्याचं नाव पेंग्विन. एवढी थंड शिक्षा दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

मुळात १९९८ साली गूगल निघालं ते एका अशा कल्पनेवर, की ती बँकेतल्या कुणाही माणसाला पटकन पटावी. कर्जाच्या अर्जात अर्जदार स्वतःबद्दल काय लिहितो याला आम्ही फारशी किंमत देत नाही. सगळेच सचोटीचे आणि सगळेच होतकरू असतात. आम्ही विचारतो, जामीन कोण? आणि त्या जामिनाची पत काय? गूगलने हेच केलं. पान स्वतःबद्दल काय ओरडतंय ते एक, पण दुसरी किती पानं त्याच्याकडे बोट दाखवतात आणि त्या बोटं दाखवणाऱ्यांची पत काय, हेही त्याने मोजायला घेतलं. पुढे लोकांनी खोटे जामीनही उभे केले, ते वेगळं. ती कलाही आमच्याकडे जुनी आहे.

हे सगळं होण्याचं कारण एका बँकेतल्याच माणसाने सांगून ठेवलंय, याचा मला वैयक्तिक अभिमान आहे. चार्ल्स गुडहार्ट हे बँक ऑफ इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९७५ साली जे मांडलं त्याचा माझ्या भाषेतला मथितार्थ असा : एखाद्या आकड्यावर तुम्ही लोकांना तोलायला लागलात, की लोक तो आकडाच फुगवायला लागतात, आणि मग तो आकडा काही सांगेनासा होतो. मार्चअखेर हे ज्याला कळत नाही त्याने कॉमर्स शिकू नये. ३१ मार्चला ठेवी फुगतात आणि एप्रिल उजाडला की आल्या वाटेने परत जातात, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मला अजून निवृत्त व्हायचं आहे.

आता दुसरी बाजू. शब्द मोजण्याचं शास्त्र सगळंच खोटं नाही. केरन स्पार्क जोन्स नावाच्या एका इंग्रज विदुषीने १९७२ साली दाखवून दिलं, की जो शब्द थोड्याच कागदांत सापडतो त्याला वजन जास्त, आणि जो सगळीकडेच आहे त्याला कमी. याचा प्रयोग मी दर रविवारी मंडईत पाहतो. आमची ही मागून "अहो!" अशी हाक मारते आणि एकाच वेळी वीस नवरे वळून बघतात. 'अहो' या शब्दाला मंडईत काडीचं वजन नाही. पण तिने "अहो, पिशवी घरी विसरलेले अहो!" म्हटलं की एकटा मीच वळतो. 'उत्तम', 'शुद्ध', 'घरगुती' हे असले मंडईतले 'अहो' आहेत. प्रत्येक पुडीवर असतात. ते आम्ही ४१ वेळा लिहिले, आणि लोखंडी कढई, बाजरी, मंद आच हे आमचे खरे शब्द एकदाही लिहिले नाहीत.

भाच्याला हे ऐकवताना माझा सूर विजयी लागला होता. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मान्य. पण तुझ्या मजकुरात तरी कुठे होते? भाव नव्हता, पत्ता नव्हता, कशाचं पीठ आहे तेही नव्हतं."

मी माझा तो रविवारचा लेख पुन्हा काढून वाचला. खरंच नव्हते. आई होती, शेजारी होते, माझे दोन विनोद होते, तिसराही होता पण तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. मी लिहिलं होतं ते मला वाहवा मिळावी म्हणून. भाच्याने लिहिलं ते यंत्राने पाठ थोपटावी म्हणून. जिला संध्याकाळी थालीपीठ लावायचं आहे त्या बाईसाठी आमच्यापैकी कुणीच लिहिलं नव्हतं. तसा दोघांचा अपराध एकच.

यावरून मला आमच्या बँकेतली एक गोष्ट आठवली. पैसे काढायच्या कागदावर 'आहरण' असा शब्द छापलेला असतो. एक आजीबाई तो कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "बाळा, सीताहरण मला ठाऊक आहे. हे आहरण काय?" मी त्यांना तो 'पैसे काढायचा कागद' म्हणून दिला आणि त्यांचं काम दोन मिनिटांत झालं. समोरच्याचा शब्द वापरणं ही लबाडी नव्हे, ती साधी रीत आहे. पाहुण्याला पाट मांडावा तशी. तोच शब्द ४१ वेळा ऐकवणं हा पाहुण्याला बहिरा समजण्याचा प्रकार. आणि जे आपल्या डब्यात नाही त्याचा शब्द डब्यावर लिहिणं, तो एकदाच का लिहिलेला असेना, ही मात्र फसवणूक. पहिलं आम्ही केलं नाही, आणि दुसरं-तिसरं मन लावून केलं.

नवीन पान आम्ही तिघांनी मिळून लिहिलं. धाकटीच्या फोनशेजारी एक वही असते. गिऱ्हाईक काय विचारतं ते ती त्यात टिपून ठेवते. ती वही मी उघडली. 'थालीपिठाचं पीठ आहे का?' 'चकलीची भाजणी निराळी असते का?' 'यात गहू असतो का?' 'उपासाची मिळेल का?' 'चिंचवडला कुठे?' भाच्याचे डोळे चमकले. ज्यासाठी तो व्हिडिओ बघत होता ते कीवर्ड आईच्या वहीत बॉलपेनने लिहून ठेवलेले होते. आम्ही एकेका प्रश्नाचं सरळ उत्तर लिहिलं. बाजरी, ज्वारी, तांदूळ, थोडे गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे, सगळं निरनिराळं भाजून, गिरणीत जरा सरसरीत दळून. किलोचा भाव अमुक. उपासाची आम्ही करत नाही.

"मामा, करत नाही हे लिहायचं कशाला?" भाच्याने विचारलं.

"अरे, बँकेत सर्वांत जास्त वाचली जाणारी पाटी 'येथे चौकशी करू नये' हीच असते."

शेवटची ओळ धाकटीने स्वतः सांगितली. 'ही भाजणी औषध नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून खावी.' म्हणजे तो शब्द पानावर राहिलाच. पण आता तो खरं बोलत होता.

पान पुरं झाल्यावर मी सवयीने मोजलं. भाजणी ९ वेळा. कुणी पेरली नव्हती, बोलण्याच्या ओघात आली होती. "पुरेत का रे ९?" मी विचारलं. भाचा विचारात पडला, पण उत्तर धाकटीने दिलं. ती म्हणाली, "दादा, भाजणीत मेथ्या घालतात ना, तसं आहे हे. चार दाणे नसले तर वास येत नाही. मूठभर टाकल्या तर घास थुंकून टाकावा लागतो. आई काय मोजून घालत होती?"

एक गोष्ट तिने आम्हाला न विचारता केली. त्या वयस्कर गृहस्थांचा नंबर फोनमध्ये होता, तो लावला. सांगितलं, आम्ही चुकीचं लिहिलं होतं, काढून टाकलंय, तुम्ही गोळ्या चालू ठेवल्यात ना? ते म्हणाले, "ठेवल्यात. बरं केलंत, फोन केलात." भाजणी मात्र त्यांनी मागवली नाही.

पान काही सगळ्यांच्या वर गेलेलं नाही. वर जाणाऱ्यांच्या मागे जाणकार माणसं असतात आणि पैसा असतो. आम्ही कुठेतरी मधल्या गर्दीत उभे आहोत. पण फोन येतात, आणि भजनी मंडळाचे सोडले तर सगळे भाजणीचेच येतात. फीचा पहिला हप्ता गेला. मागच्या महिन्यात एका बाईंनी दोन किलोची मागणी नोंदवली. धाकटीने विचारलं, आमचा पत्ता कुठे मिळाला? त्या म्हणाल्या, "आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं. म्हणाले, ती बाई विचारलं तर खरं सांगते."

जामीन मिळाला होता. तोही पत असलेला.

हे सगळं तत्त्वज्ञान मी घरी आमच्या हिला सविस्तर ऐकवलं. नाव किती वेळा घ्यावं, कुठे घ्यावं, का घ्यावं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात नवीन काय? लग्नात उखाणा घेतला तेव्हा तुमचं नाव मी एकदाच घेतलं. चांदीच्या ताटापासून सगळं मांडून शेवटी एकदा. तेवढ्यावर इतकी वर्षं सापडताय ना?"

आणि मंडईची पिशवी माझ्या हातात दिली.